निर्लेखनाआधी निदान करा!

(पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या गावच्या शाळेत कंप्युटर लॅब असेल किंवा ग्रामपंचायतीत कंप्युटर असेल, तर शेवटपर्यंत वाचाच.)

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून एक वाक्य फार ऐकू येतंय. शाळेत, पंचायत समितीत, पतसंस्थेत, सेवा केंद्रात, सगळीकडे तेच. "विंडोज अकरा बसत नाहीये. कंप्युटर जुना झालाय. नवीन घ्यावा लागेल."

मग डेड स्टॉक रजिस्टर निघतं, निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो, कारणाच्या रकान्यात "कालबाह्य" असा एक शब्द पडतो आणि दहा-पंधरा मशीन एका खोलीत एकावर एक रचून ठेवली जातात. नवीन खरेदीला निधी येईपर्यंत मुलांनी काय करायचं? तर पुस्तकातलं कीबोर्डचं चित्र बघायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की "जुना झालाय" हे निदान होत नाही. विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर शेतकरी आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल. मोटर वर काढायचा विचार सगळ्यात शेवटी. कारण मोटर त्याच्या पैशाची असते. सरकारी कंप्युटर कुणाच्याच पैशाचा नसतो असं आपण धरून चाललोय, म्हणून तिथे फ्यूज न बघताच मोटर भंगारात जाते.

सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं नाही, तर त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. नेहमी दिसणारी सांगतो. ही यादी सेव्ह करून ठेवा, कामी येईल.

१) तारीख चुकलेली असते. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की कंप्युटर बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जाते, कधी कधी थेट दहा-बारा वर्षं मागे. मग होतं काय, की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसतं. ब्राउझर म्हणतो साइट सुरक्षित नाही, ऑनलाइन इन्स्टॉलर मध्येच थांबतो, ॲक्टिव्हेशन होत नाही. घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या सेलचा हा प्रश्न. आणि आपण म्हणतो मदरबोर्ड गेला!

२) जागा नसते. शेवटी ७००७० असलेला एरर कोड दिसला, की समजायचं डिस्क भरली आहे. विंडोज ११ ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते. डी ड्राइव्ह रिकामा आणि सी ड्राइव्ह लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल.

३) ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत असते. मशीनचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण कुणीतरी पूर्वी त्यावर ३२ बिटचं विंडोज टाकलेलं. त्यावर ६४ बिटचा सेटअप डबल क्लिक केला तर तो सुरूच होत नाही, "हे ॲप तुमच्या पीसीवर चालणार नाही" असं काहीतरी येतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. अशा वेळी डेटाचा बॅकअप घ्यायचा आणि पेन ड्राइव्हवरून बूट करून नव्याने इन्स्टॉल करायचं. मशीनमध्ये दोष नसतोच.

४) टीपीएम नाही असं सांगतं. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय. विंडोज ११ ला त्याची २.० ही आवृत्ती हवी. गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बऱ्याच मशीनमध्ये ती प्रोसेसरमध्येच असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. आत जायचं, चालू करायचं, सेव्ह करून बाहेर यायचं. पाच मिनिटांचं काम.

५) सिक्युअर बूट नाही असं सांगतं. मशीन जुन्या लेगसी पद्धतीने बूट होत असतं आणि डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर पद्धतीची असते. ती जीपीटी करायची कमांड विंडोज १० मध्येच दिलेली आहे, एमबीआर-टू-जीपीटी नावाची. डेटा न पुसता काम होतं. अर्थात बॅकअप आधी घ्यायचाच.

६) हार्ड डिस्क खरोखरच म्हातारी झालेली असते. इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकतं, आतून टकटक आवाज येतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती वाचणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. डिस्क काढून एसएसडी बसवली की तेच मशीन ओळखू येत नाही. रॅमचंही तसंच. पट्टी काढून तिचे पितळी टोक खोडरबराने पुसून परत बसवणं हा आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत असलेला उपाय आहे, आणि तो बऱ्याचदा चालतो.

आता मला सांगा, या सहापैकी "कंप्युटर जुना झालाय" हे उत्तर किती ठिकाणी बरोबर आहे? जास्तीत जास्त सहाव्यात, तेही एका सुट्या भागापुरतं.

सातवं कारण मात्र वेगळं आहे आणि खरं भांडण तिथे आहे.

सातवं कारण म्हणजे यादी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरची यादी केली आहे. इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे, एएमडीचे साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे. तुमचा प्रोसेसर त्या यादीत नसेल, तर वरच्या सहाही गोष्टी ठीक असल्या तरी सेटअप नकार देतो.

आता हिशेब करा. इंटेलच्या सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आले. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे पाच वर्षांचंही नसलेलं मशीन एका यादीने म्हातारं ठरवलं. ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १० त्यावर सुसाट चालतंय, पण अकरा बसणार नाही. बरं, यादी अगदी दगडावरची रेघ होती का? तर तसंही नाही. सातव्या पिढीतल्या काही मोजक्या चिप्सना नंतर जागा मिळाली. त्यातली एक चिप मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ या महागड्या मशीनमध्ये होती. काय योगायोग आहे बघा!

याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने २०१५ मध्ये एका परिषदेत, विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असेल, असं सांगितलं होतं. जगभर बातम्या झाल्या होत्या. लोकांनी त्या भरवशावर खरेदी केली. कॅनालिस या बाजार-अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज दिला की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी पीसी ई-कचरा होऊ शकतात. २४ कोटी! ते बिघडलेले नाहीत, फक्त यादीत बसत नाहीत.

मुदतवाढीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. घरगुती ग्राहकांना एक वर्ष जादा सुरक्षा अपडेट द्यायची योजना कंपनीने काढली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी एकतर ३० डॉलर भरा, नाहीतर रिवॉर्डचे १००० पॉइंट द्या, नाहीतर तुमच्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर सिंक करा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने यावर आवाज उठवला. मग युरोपियन आर्थिक क्षेत्रातल्या देशांसाठी ही सिंकची अट काढून टाकली गेली. तिथे बोलणारं कुणी होतं म्हणून अट गेली. आपल्याकडे कोण बोललं? आपण फक्त विचारलं, "साहेब, नवीन घेऊ का?"

शाळांसाठी तर वेगळा दर जाहीर झाला होता, हे किती मुख्याध्यापकांपर्यंत पोचलं? व्हॉल्यूम लायसन्स घेणाऱ्या शैक्षणिक संस्थांना पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. म्हणजे एका मशीनला तीन वर्षांचे मिळून ७ डॉलर. हा मार्ग आपल्या शाळांना घेता येतो की नाही, हे शिक्षण खात्याने तपासून एका परिपत्रकात सांगायला हवं. पाच ओळींचं काम आहे.

आता लगेच कुणीतरी म्हणेल, "अहो पण सुरक्षेचं काय? जुनं विंडोज म्हणजे व्हायरसला आमंत्रण."

शंभर टक्के मान्य. मे २०१७ मधला वॉनाक्राय हल्ला आठवा. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांमधली कामं ठप्प झाली. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कंप्युटर अडकले. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच आला होता. तो टाकलाच नव्हता. म्हणून अपडेट न मिळणारं विंडोज इंटरनेटला जोडून सरकारी काम करू नका, हे मीही ओरडून सांगेन. विंडोज एक्सपी जपून ठेवा असं इथे कुणी म्हणत नाहीये. कोअर टू ड्युओच्या काळातल्या, २ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज ११ चालवायचा हट्टही नको. त्यांच्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या काही सूचनाच नाहीत.

पण प्रत्यक्षात काय होतं ते बघा. सरळ दार बंद झालं की लोक मागच्या दाराने जातात. तालुक्याच्या दुकानात "ॲक्टिव्हेट केलेलं" विंडोज पेन ड्राइव्हवर मिळतं. ते टाकताना पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा! किंवा यादीची तपासणी चुकवून अकरा टाकून दिलं जातं. चालतं ते, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे सुरक्षेच्या नावाने लावलेल्या अटीमुळे गावोगावी जास्त असुरक्षित कंप्युटर तयार होतात. घरच्या मशीनवर कुणी काय करावं हा त्याचा प्रश्न. पण ज्या कंप्युटरवर लोकांचे आधार नंबर आणि सातबारे उघडले जातात, त्यावर हे चालणार नाही.

बरं, सगळा दोष परदेशी कंपनीच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. आपल्या घरातलं बघू.

ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतलं पेमेंट आज ई-ग्रामस्वराजवरून होतं. त्याला सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल सह्या लागतात. ती सही यूएसबी टोकनमध्ये असते. टोकनचा ड्रायव्हर इन्स्टॉल झाला नाही तर सही नाही. सही नाही तर पेमेंट नाही. गटार बांधून झालेलं असतं, मजूर पैशासाठी चकरा मारत असतो आणि ऑफिसात ड्रायव्हर "बसत नाही". विंडोज ७ वर हे हमखास होतं, कारण आताचे ड्रायव्हर शा-२ पद्धतीने प्रमाणित केलेले असतात आणि ती पद्धत ओळखणारा पॅच विंडोज ७ ला वेगळा टाकावा लागायचा. ज्याने टाकला नाही त्याचं मशीन ड्रायव्हर नाकारतं. त्यात २०२३ च्या सुरुवातीपासून क्रोमही विंडोज ७ आणि ८.१ ला नवीन मिळेनासा झाला, १०९ ही त्यावरची शेवटची आवृत्ती.

उलट काही सरकारी यंत्रणा इतकी वर्षं इंटरनेट एक्सप्लोररला आणि जुन्या जावाला चिकटून राहिल्या, की कारकुनाला त्या कामासाठी जुनं मशीन जपावं लागलं. एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. नव्या पोर्टलला नवा कंप्युटर, जुन्या पोर्टलला जुना कंप्युटर, आणि दोन्हीच्या मध्ये एक माणूस. वर मराठी टायपिंगची तऱ्हा. युनिकोड वापरा असं शासन वर्षानुवर्षं सांगतंय, तरी कित्येक टेबलांवर जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डाँगल टिकून आहे. डाँगल नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून विंडोज बदलायचं नाही. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. ठरवलं नाही म्हणूनच चाललंय.

मग पर्याय काय? पर्याय तुमच्या तालुक्यातच आहे. पंचायत समितीतून बाहेर पडा आणि कोर्टाच्या इमारतीत जा. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांनी उबंटू लिनक्स स्वीकारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर एनआयसीच्या पुण्यातल्या टीमने केलं, तेही मुक्त सॉफ्टवेअरवर. ज्या राज्यात कोर्टाचा बेलीफ आणि शिरस्तेदार लिनक्सच्या यंत्रणेवर काम करतो, तिथे "आमच्या लोकांना लिनक्स जमणार नाही" हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

केरळकडे बघा. आधी आयटी ॲट स्कूल आणि २०१७ पासून काइट या संस्थेमार्फत तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळा मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकवतात. शाळांसाठी त्यांची स्वतःची लिनक्स आवृत्ती आहे, त्यात त्यांची पाठ्यपुस्तकं चालतात, शिक्षकांची प्रशिक्षणं त्यावर होतात. आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस नावाचं भारतीय लिनक्स तयार केलं, त्यात मराठी आहे. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारायचं धोरण २०१५ सालचं आहे. म्हणजे धोरण आहे, सॉफ्टवेअर आहे, उदाहरण आहे. ४ जीबी रॅमचं जे मशीन विंडोज ११ नाकारतं किंवा ज्यावर ते रांगतं, त्यावर हलकं लिनक्स, लिबर ऑफिस आणि ब्राउझर व्यवस्थित चालतात. सातवीच्या मुलाला टायपिंग, हिशेबाचा तक्ता, स्क्रॅच आणि थोडं पायथन शिकायला आणखी काय लागतं?

अडचणी आहेत, नाही असं नाही. काही प्रिंटर-स्कॅनर रुसतात. सगळ्याच टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर सरळ चालत नाहीत. अकाउंट्सचं सॉफ्टवेअर विंडोजचंच असतं. म्हणून सगळ्या ऑफिसांनी उद्याच लिनक्सवर जा, असं मी म्हणत नाही. पण शाळेच्या लॅबला टोकनही लागत नाही आणि अकाउंट्सही लागत नाही. तिथे कारण काय?

कारण एकच दिसतं. नवीन खरेदीत टेंडर असतं, उद्घाटन असतं, फीत असते, फोटो असतो. सेल बदलण्यात फोटो नसतो. बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू केलं म्हणून कुणी सत्कार करत नाही. आणि आपणही मुलांना एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रासाठी कुठलं बटण कुठे आहे ते पाठ करायला लावलं. एरर आला तर तो वाचायचा कसा, हे शिकवायला विसरलो. त्यामुळे स्क्रीनवर कारण स्वच्छ लिहिलेलं असतं आणि खोलीतला प्रत्येक जण "ओके" दाबून मोकळा होतो.

म्हणून माझ्या चार साध्या मागण्या आहेत.

एक. निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावाला निदान पत्रक जोडा. एक पान पुरे. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्कची तब्येत कशी, स्क्रीनवर आलेला मेसेज शब्दशः काय, काय काय करून पाहिलं, आणि खाली तपासणाऱ्याची सही. "कालबाह्य" हा शब्द एकटा चालणार नाही.

दोन. शासनाच्या पैशातून बनणारं कुठलंही सॉफ्टवेअर किंवा पोर्टल, ते किमान कोणत्या मशीनवर चालतं हे मराठीत जाहीर करा. एकाच ब्राउझरला किंवा एकाच विंडोजला बांधलेलं काम स्वीकारू नका. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतील ही अट खरेदीतच घाला.

तीन. नवीन कंप्युटर घेताना टेंडरमध्ये लिहा, अपडेट किती वर्षं मिळणार, सुटे भाग किती वर्षं मिळणार. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. सॉफ्टवेअर बंद पाडून मशीन मारणं हाही दुरुस्ती नाकारण्याचाच प्रकार आहे, हे तिथे मांडायला हवं.

चार. ज्या शाळांची मशीन यादीबाहेर गेली आहेत, तिथे लिनक्स टाकून द्या, आणि तालुक्याला निदान एक माणूस नेमा जो फोन केल्यावर येईल. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना हेच काम प्रॅक्टिकल म्हणून द्या. त्यांचा हात बसेल, शाळेची लॅब उघडेल.

आणि तुम्ही काय करू शकता? शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून तुम्ही असाल, तर पुढच्या बैठकीत विचारा, लॅबमधले किती कंप्युटर बंद आहेत आणि प्रत्येकाचं कारण काय. "जुने आहेत" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, "हो, पण बिघडलंय काय?" नाहीच सांगितलं, तर माहिती अधिकारात डेड स्टॉक रजिस्टरची आणि निर्लेखन प्रस्तावाची प्रत मागा. १० रुपयांचा अर्ज आहे. गावात कंप्युटर येणारा एखादा पोरगा-पोरगी असेल, तर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वरची सहा कारणं एका शनिवारी तपासून बघा. पंधरापैकी पाच जरी चालू झाले तरी एका वर्गाची सोय होते.

खरोखर मेलेलं मशीन नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडेच जाऊ दे, ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम त्यासाठीच आहेत. पण ते मेलंय हे आधी कुणीतरी तपासून, सही करून सांगू दे.

पटलं तर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका. पटलं नाही तर मुद्दा सांगून भांडा, मी आहे इथेच.